जंगल कोणी सांभाळायचं, संयुक्त समितीनं की ग्रामसभेनं?

संयुक्त वन व्यवस्थापनात, म्हणजे वनखातं आणि गाव मिळून जंगल सांभाळतात त्यात, समिती गावाची असते खरी, पण जंगलाची मालकी आणि शेवटचा शब्द वनखात्याचाच, गावाला मिळतो तो उत्पन्नातला वाटा. सामूहिक वनहक्कात, म्हणजे वनहक्क कायद्यानं अख्ख्या गावाला मिळणाऱ्या हक्कात, उलटं, जंगल राखायचं आणि वापरायचं कसं ते ग्रामसभा ठरवते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर हा हक्क मिळाला, तिथं बहुमत चालतच नाही, एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय पुढच्या सभेत, परत बोलायचं, आणि अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात पण ठरवतं गावच. वेळ लागतो, मान्य. तरी 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं, म्हणजे तोडलेला बांबू बाहेर नेण्याच्या परवान्याचं, पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, ते समितीच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं मला. वनखातं लागतंच, वणवा, तस्करी एकट्या गावाला झेपत नाही, पण सोबतीला, डोक्यावर नको.