नववी पलटण, बिनपंखांचा गरुड आणि आमची दहा वर्षांची पोर

आधी रेटिंग देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पुस्तक 'द ईगल ऑफ द नाइन्थ', लेखिका रोझमेरी सटक्लिफ, पहिल्यांदा आलं १९५४ साली. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. लेकीकडून "पहिली दोन प्रकरणं उडवली तर पाच".

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. इथे प्रायमरीत रोमन लोकांबद्दल शिकवतातच, त्यामुळे पोरीच्या वहीत सगळं व्यवस्थित होतं, इ.स. ४३ ला आले, ४१० च्या सुमारास गेले, मधे सरळसोट रस्ते बांधले, हमाम बांधले, संपलं. मी विचारलं अगं पण इथे जे लोक आधीपासून राहत होते त्यांचं काय, तर म्हणे ते वर्कशीटवर नाहीये. आता मी काही इतिहासवाली नाही, पण लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयातनं आणलेल्या फाटक्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच वाढलेली आहे, चौथीचं पुस्तक विसरले पण कोणत्या किल्ल्यावरून कोण कसं निसटलं ते अजून झोपेत विचारा. म्हटलं हिच्यासाठी पण असं काहीतरी असेलच की.

तर शोधता शोधता हे सापडलं. सेकंडहँड मागवलं, वेबसाइटवर "एकदम छान कंडिशन" लिहिलेलं, हातात आलं तर पानांचा डिंक सुटलेला आणि अठ्ठ्याऐंशी नंबरच्या पानावर कुणाच्या तरी चहाचा डाग. असो. आजीला व्हिडिओ कॉलवर पुस्तकाचं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नववीचं पुस्तक आत्ताच कशाला, पाचवीत आहे ना ती?" तेव्हापासून घरात या पुस्तकाला 'नववीचं पुस्तक' असंच म्हणतात.

नववी म्हणजे इयत्ता नाही हो, पलटण. रोमनांची नववी लीजन, एका लीजनमधे साधारण पाच हजार माणूस. ही पलटण इ.स. ११७ च्या आसपास उत्तरेकडे बंड मोडायला गेली आणि परत आलीच नाही, पुस्तक इथून सुरू होतं. पलटणीबरोबर तिचा गरुडही गेला, म्हणजे काठीवरचं निशाण, आपल्याकडे जरीपटक्याचं जे मोल तेच त्याचं. त्यात नायकाचा बापही गेला. नायक मार्कस हा तरुण अधिकारी, पहिलीच नेमणूक, आणि पहिल्याच मोठ्या लढाईत रथाखाली पाय चिरडून घेतो आणि नोकरी खलास. मग काकाकडे कॅलेवा नावाच्या गावात पडून राहायचं, आणि काही काळाने कानावर येतं की तो गरुड उत्तरेत कुठल्या तरी टोळीच्या देवळात बघितलाय म्हणे. लंगडा पाय घेऊन हा निघतो शोधायला, बरोबर एकच माणूस, एस्का, जो त्याचा गुलाम होता आणि ज्याला निघायच्या आधी त्याने मोकळं केलंय.

जातात कसे, तर मार्कस डोळ्यांच्या वैद्याचं सोंग घेतो, अंजनं-मलमं घेऊन गावोगाव फिरतो. इथे आजी (आता त्याही रोज ऐकायला बसत होत्या, पोरगी वाचायची आणि मी मधे मधे मराठीत सांगायचे) एकदम म्हणाल्या, "अगं म्हणजे बहिर्जी नाईकच की!" पोरीला बहिर्जी नाईक कोण ते माहीत नव्हतं. त्या दिवशी कादंबरीचं एकही पान पुढे गेलं नाही, सव्वा तास आजीच बोलत होत्या.

आणि हे वैद्याचं प्रकरण लेखिकेने उगाच घातलेलं नाही बरं का. रोमन काळातले डोळ्यांच्या औषधाचे दगडी शिक्के ब्रिटनमधे आणि फ्रान्समधे बरेच सापडलेत, छोटेसे, वैद्याचं नाव आणि औषधाचं नाव उलट कोरलेलं, मलमाच्या कांडीवर दाबायचं, थोडक्यात त्या काळचं लेबल. म्हणजे असा फिरता डोळ्यांचा वैद्य दिसला तर कुणाला संशय यायचं कारण नाही. पुस्तकात हे कुठे लेक्चरसारखं येत नाही, नुसतं घडत जातं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. पोरीला हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमनांची ब्रिटनमधली उत्तरेची हद्द, ११७ किलोमीटर लांब आहे आणि १२२ साली बांधायला घेतली हे शाळेतच पाठ झालेलं, पण त्या भिंतीच्या पलीकडे पाऊल टाकलं की पोटात कसं होतं ते तिला इथे कळलं.

आता शाळेतल्या माझ्या त्या प्रश्नाबद्दल, आधीच्या लोकांचं काय झालं. मधे एक जागा आहे, मार्कस एस्काला विचारतो की तुम्हा लोकांना आमचं राज्य एवढं का खुपतं, चांगले रस्ते दिले, कायदा दिला. एस्का त्याला खंजिराच्या म्यानावरची रोमन नक्षी दाखवतो, सगळं मोजून मापून, एका बाजूला जे तेच दुसऱ्या बाजूला, आणि मग आपल्या लोकांनी घडवलेल्या ढालीवरची नक्षी, वळत वाहत जाणारी, आणि सांगतो की हे करणाऱ्याला ते कसं आवडेल. मी वाचता वाचता थांबलेच. रस्ते दिले, रेल्वे दिली, कायदा दिला हे आपण कुणाकडून ऐकलंय ते सांगायला नको. १९५४ साली, म्हणजे साहेब आपल्याकडून जाऊन सातच वर्षं झालेली, एक इंग्रज बाई मुलांच्या पुस्तकात हे लिहिते याचं मला खरंच कौतुक वाटलं. शेजारची मुलगी कॉटिया पण तशीच, तिची मावशी तिला रोमन बनवायला बघते, तिचं नाव बदलून कॅमिला करते आणि ही चिडते. आमच्या पोरीच्या नावाचं शाळेत जे होतं ते बघता तिला कॉटिया लगेच पटली.

पण कौतुक इथपर्यंतच. अर्धा स्टार कापलाय तो एस्कासाठीच. ज्या माणसाचं घरदार रोमनांनी संपवलं, कान कापून गुलाम केलं, आखाड्यात मरायला उभं केलं, तो विकत घेणाऱ्यावर इतक्या पटकन जीव टाकतो? मार्कस चांगला आहे मान्य, त्यानेच लोकांना अंगठे वर करायला लावून त्याचा जीव वाचवलाय, तरी पण एवढं निष्ठावान? गोष्ट शेवटी अधिकाऱ्याच्या नजरेतून आहे आणि ते जाणवतं. मुलांबरोबर वाचत असाल तर इथे जरा थांबून बोला. आमची म्हणाली, "एस्काने लिहिलं असतं तर पुस्तक वेगळं झालं असतं." मी गप्प.

सुरुवात संथ आहे हे लेकीचं म्हणणंही खरंच आहे, दोन प्रकरणं नुसता किल्ला, ढग, पिकं, वारा. गावांची नावं सगळी लॅटिन, एबुराकम म्हणजे यॉर्क, इस्का डुम्नोनिओरम म्हणजे एक्सेटर, शेजारी नकाशा उघडून बसलात तर मजा येते नाहीतर पोरं वैतागतात. एकट्याने वाचायला बारा वर्षं तरी हवीत, मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर नऊ-दहाला चालेल. खरं तर मोठ्यानेच वाचायचं पुस्तक आहे हे. सटक्लिफबाईंना लहानपणी सांध्यांचा आजार झाला, पुढे बराच काळ व्हीलचेअर, स्वतः वाचायला खूप उशिरा शिकल्या कारण आई इतकं छान वाचून दाखवायची. मार्कसचा पाय दुखतो तेव्हा तो खरंच दुखतो, वरवरचं लिहिलेलं वाटत नाही, ते यामुळेही असेल. पुढे १९५९ च्या पुस्तकासाठी त्यांना मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी मेडल मिळालं, ते याच मालिकेतलं. २०११ साली सिनेमा पण आला यावर, त्यात कॉटियाच उडवली, म्हणून आमच्याकडे त्यावर बहिष्कार आहे.

आणि आता खरी गंमत. लेखिकेला गोष्ट सुचली दोन कोड्यांवरून, एक ती हरवलेली पलटण आणि दुसरं १८६६ साली सिल्चेस्टरच्या उत्खननात एका पाद्रीबुवांना सापडलेला ब्राँझचा गरुड, पंख तुटलेला. सिल्चेस्टर म्हणजेच कॅलेवा. आणि तो गरुड ठेवलाय कुठे, तर रेडिंग म्युझियममधे! आमच्या रेडिंगच्या! सहा वर्षं मी तिथून भाजीच्या पिशव्या घेऊन जातेय. शनिवारी गेलो. गरुड आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान आहे, पण मानेवरची पिसं अशी कोरलीयेत की बघत राहावं. पोरगी काचेला नाक लावून उभी. आणि मग कळलं की हा पलटणीचा गरुड नाहीच, पाद्रीबुवांना तसं वाटलं होतं पण आताचे जाणकार म्हणतात की तो बहुधा एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा, देवाचा किंवा बादशहाचा. म्हटलं आता ही रडणार. घरी येऊन आणखी बघितलं तर पलटणही स्कॉटलंडच्या धुक्यात गडप झाली असं नक्की नाही, इ.स. १०८ चा यॉर्कचा शिलालेख हा तिचा ब्रिटनमधला शेवटचा पक्का पुरावा, पण नंतर नेदरलँड्समधे नायमेखनला तिच्या नावाचा छाप असलेली वीट वगैरे खुणा सापडल्यात, म्हणजे पलटण मरायच्या ऐवजी बदली होऊन गेलेली असू शकते. पुढे काय झालं त्यावर विद्वानांची अजून भांडणं चालू आहेत.

रडली नाही. उलट दोन दिवस डोकं खाल्लं, की मग त्यांना कसं कळलं, विटेवर पलटणीचं नाव का छापायचे, पुतळ्याचा बाकीचा भाग कुठे गेला. वर्कशीटवरून आजपर्यंत एकही प्रश्न आला नव्हता. आजीने वर भर घातली, की सिंहगडाचं पण तसंच, 'गड आला पण सिंह गेला' आपण सगळेच म्हणतो, पण तानाजीच्या १६७० च्या लढाईआधीच्या पत्रांतही सिंहगड नाव आहे म्हणतात. यावर सासरे मागून ओरडले, "काही सांगू नकोस पोरीला!" त्यांचं अजून मिटलेलं नाही.

सिल्चेस्टरला पण जाऊन या, जवळच आहे. गाव रोमनांनंतर ओस पडलं ते पुन्हा वसलंच नाही, त्यामुळे आत आता नुसती कुरणं, गाई आणि एक जुनं चर्च, भोवती अडीचेक किलोमीटरची दगडी तटबंदी जवळजवळ पूर्ण उभी, काही ठिकाणी दोन पुरुष उंच. ही तटबंदी मार्कसच्या नंतरची, तिसऱ्या शतकातली आहे, हे मला पोरीनेच सुनावलं. तिकीट नाही, टपरीपण नाही, चहा-खाणं घरूनच न्या, आणि पाऊस पडून गेला असेल तर गमबूट हवेतच. आखाडा तटाबाहेर आहे, गवताचा मोठा वाडगा, मधे जाऊन उभं राहिलं की चारी बाजूंनी उंचवटा. एस्का इथेच उभा होता ना, म्हणून ही मधोमध जाऊन उभी राहिली आणि आम्हाला वर चढून अंगठे दाखवायला लावले. बाबांनी मुद्दाम खाली केला. घरी येईपर्यंत अबोला.

मालिकेतलं पुढचं पुस्तक १९५७ चं आहे, ते मागवलंय, यावेळी नवं कोरं.