शोधक सॉफ्टवेअर की तोंडी परीक्षा: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपुरती एक तुलना

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर वर्षभरातच आमच्याकडे येणाऱ्या प्रकल्पांची भाषा बदलली. अंतर्गत मूल्यमापनासाठी आलेले लेखन विद्यार्थ्याचे आहे की यंत्राचे, हा संशय आता प्रत्येक गठ्ठा उघडताना मनात असतो. तो दूर करण्यासाठी मुख्यतः दोन मार्ग सुचवले जातात: एआयचा मजकूर ओळखण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर, किंवा विद्यार्थ्याला समोर बसवून घेतलेली तोंडी परीक्षा. मी पहिला मार्ग दोन सेमिस्टर वापरला आणि गेली तीन सेमिस्टर दुसरा वापरतो आहे. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेतील विषयांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. सगळे लेखन वर्गातच हाताने करून घेण्याचा तिसरा पर्यायही आहे, परंतु त्यात विद्यार्थ्याने बाहेर जाऊन माहिती गोळा करण्याचा प्रकल्पाचा मूळ हेतूच राहत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

सॉफ्टवेअरची सोय नाकारण्यात अर्थ नाही. चौसष्ट प्रकल्पांचे अहवाल एका संध्याकाळी हाती येतात, आवडता आणि नावडता विद्यार्थी असा भेद ते करत नाही, आणि विभागप्रमुखांनी विचारणा केल्यास दाखवायला एक छापील कागद असतो. ज्यांच्याकडे दोन-तीन तुकड्या आहेत आणि शिवाय परीक्षा विभागाचे कामही आहे, त्यांना हा कागद किती मोलाचा वाटत असेल, हे मी समजू शकतो.

त्याच्या अचूकतेबद्दलच्या शंका मात्र जुन्या आहेत. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक शोधक साधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला, तर माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने चुकीचा शिक्का मारला, आणि जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधील एआय शोधक बंद केला. त्यांचा हिशेब साधा होता: चूक शंभरात एकच धरली, तरी वर्षाला ७५ हजार लेखने तपासताना सुमारे ७५० निर्दोष लेखनांवर ठपका बसला असता. आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्टॅनफर्डमधील संशोधकांचा २०२३ सालचा अभ्यास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात शोधकांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचे सांगितले गेले. कारण असे की, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज बांधता येतो, तितका तो मजकूर शोधकाला यंत्राचा वाटतो. आणि मोजक्या शब्दसंपत्तीवर, पाठ केलेल्या वाक्यरचनांच्या आधाराने लिहिणाऱ्या मुलाचे इंग्रजी नेमके असेच असते.

असे असूनही मी ते सॉफ्टवेअर सोडले, ते या आकड्यांमुळे नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याने कांद्याच्या निर्यातबंदीवर इंग्रजीत प्रकल्प लिहिला होता. बारावीपर्यंतचे त्याचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले होते. अहवालात ७८ टक्के मजकूर एआयचा असल्याचे आले. मी त्याला बोलावून कागद दाखवला. त्याने तो शांतपणे वाचला आणि विचारले, “सर, यातलं कोणतं वाक्य माझं नाही आणि ते कशावरून, तेवढं सांगा.” मला ते सांगता आले नाही. वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर निदान मूळ स्रोत समोर ठेवते. हा परिच्छेद या पुस्तकातून आला आहे, असे दाखवता येते आणि विद्यार्थ्यालाही त्यावर बाजू मांडता येते. एआय शोधक फक्त टक्केवारी देतो आणि काही ओळी रंगवतो. आरोप करणाऱ्याला पुरावा दाखवता येत नाही आणि आरोप झालेल्याला तो खोडता येत नाही, ही अडचण मला अखेरपर्यंत सुटली नाही. एआयने दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका, असे मी वर्गात सांगत होतो, आणि स्वतः मात्र तशाच एका यंत्राने काढलेला आकडा घेऊन त्या मुलासमोर बसलो होतो. त्या बैठकीची खंत मला आजही वाटते.

मी त्याला त्याच्याच प्रकल्पावर प्रश्न विचारले. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हा बाजार समितीत लिलावाचे काय झाले, चाळीत साठवता येणारा उन्हाळी कांदा आणि फार काळ न टिकणारा खरिपाचा कांदा यांवर बंदीचा परिणाम वेगवेगळा का होतो, हे त्याने पंधरा मिनिटे मराठीत समजावून सांगितले. त्याच वर्गातील दुसऱ्या एका प्रकल्पाला शोधकाने शून्य टक्के दिले होते. मे २०२४ मध्ये बंदी उठवताना घातलेल्या ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्याचा उल्लेख त्यात दोनदा होता. परंतु ‘किमान निर्यात मूल्य’ म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला सांगता आले नाही.

तोंडी परीक्षेचे दोष मी झाकणार नाही. प्रत्येकी सात मिनिटे धरली तरी चौसष्ट विद्यार्थ्यांना साडेसात तास लागतात. माझ्या चार दुपारी त्यात जातात आणि वर्कलोडमध्ये त्या कुठेही मोजल्या जात नाहीत. बुजरी मुले गांगरतात, बोलकी मुले थोड्या माहितीवर वेळ मारून नेतात, आणि परीक्षकाच्या मनातील ग्रह गुणांत उतरण्याचा धोका येथे निश्चितच अधिक आहे. म्हणून मी काही पथ्ये पाळतो. प्रकल्प इंग्रजीत असला तरी उत्तर मराठीत देण्याची मोकळीक असते, प्रकल्पाची प्रत विद्यार्थ्याच्या हातात राहते, निदान दोन प्रश्न त्याच्याच वाक्यांवरून निघतात, आणि विचारलेले प्रश्न मी त्याच प्रतीच्या मागे लिहून ठेवतो. प्रकल्प नक्की कोणी लिहिला, हे तोंडी परीक्षेतूनही सिद्ध होत नाही. आपल्या नावावर दिलेल्या मजकुराची जबाबदारी विद्यार्थी घेऊ शकतो का, एवढेच तिच्यातून कळते. पदवीच्या अंतर्गत गुणांसाठी मला ते पुरेसे वाटते.

पीएचडीच्या प्रबंधाची गोष्ट वेगळी आहे. तेथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधीच्या लेखनाशी असलेले साम्य तपासणे भागच आहे, आणि दहा टक्क्यांपलीकडच्या साम्यावर कारवाईच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ती टक्केवारी आणि एआय शोधकाची टक्केवारी एकाच अहवालात शेजारी छापलेली मी पाहिली आहे. दोन्हींना सारखे वजन देण्याची चूक त्यामुळे सहज होते, तेव्हा मार्गदर्शकांनी तेवढे जपावे.

वर्ग दीडशेचा असेल, तर सर्वांची तोंडी परीक्षा घ्या असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. अशा वेळी मी तिघांतून एकाला बोलावीन, आणि ती नावे सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून काढीन. शोधकाने ज्यांना जास्त टक्के दिले त्यांनाच बोलावण्याचा सल्ला काही सहकारी देतात आणि त्यात वेळ वाचतो हे खरे आहे. परंतु तसे केल्यास समोर येऊन बसणारा प्रत्येक विद्यार्थी वर्गाच्या नजरेत आधीच दोषी ठरलेला असतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मनातही तो आकडा घर करून असतो.