१४४१६ वर फोन केला त्याचा अनुभव, एमपीएससीवाल्या भावासाठी

आधी रेटिंग सांगते, पाचपैकी पाच, आणि मी उगाच पाच देणाऱ्यातली नाहीये. टेली मानस म्हणजे केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, एक रुपया लागत नाही आणि समोरचं माणूस मराठीत बोलतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे पण मला कळली गेल्या वर्षी, ते पण रात्री अकरा वाजता ओट्याला टेकून मोबाईलवर काय काय शोधत होते तेव्हा. कुणी आधी सांगितलं असतं तर आमचे दोन महिने वाया गेले नसते म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरात कुणी शिकणारं पोरगं पोरगी बाहेरगावी आहे त्यांनी प्लीज वाचा.

माझा धाकटा भाऊ पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवा करत होता. आमचं गाव बार्शी तालुक्यात, घरची शेती, त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष. वय पंचवीस, तिसरा अटेम्प्ट. ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, २०२४ ला पूर्व परीक्षेची तारीख ऑगस्टमधून पुढे गेली, पोरं रस्त्यावर बसली होती, शेवटी १ डिसेंबरला झाली आणि हा थोडक्या मार्कांनी राहिला. त्यात २०२५ पासून मेन्स वर्णनात्मक, म्हणजे इतकी वर्षं जे पर्याय घोटून घोटून पाठ केलं ते बाजूला ठेवून पेपर लिहायची सवय पहिल्यापासून. ह्याने फोन उचलणं कमी केलं, मला वाटलं अभ्यासात असेल. मग त्याच्या रूममेटचाच फोन आला, ताई तो आठ दिवस अभ्यासिकेत आला नाही, मेसचा डबा तसाच परत जातो, दिवसभर झोपतो आणि रात्रभर जागा असतो, तुम्ही येऊन बघा.

मी हडपसरला राहते, तासाभरात पोचले. दाढी वाढलेली, खोलीला वास, आणि मला बघून नुसता हसला. घरी घेऊन आले.

मग आम्ही जे केलं ते सगळेच करतात. नेटवर शोधलं, जवळ एक सेंटर सापडलं, चकाचक ऑफिस, पाऊण तासाचे दीड हजार. तिथल्या मॅडमनी त्याला सांगितलं की पॉझिटिव्ह विचार कर, पहाटे उठ, सूर्यनमस्कार घाल, आणि तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं कलेक्टर होतात. तो बाहेर आला आणि रिक्षात एक शब्द बोलला नाही. नंतर कळलं की त्यांचा कसलातरी थोड्या दिवसांचा कोर्स झालेला. दुसऱ्यांदा एका ॲपवर बुकिंग केलं, तिथली मुलगी खरंच चांगली होती, समजून घेणारी, पण सगळं इंग्रजीत. माझ्या भावाला इंग्रजी येतं हो, वाचतो तो, पण छातीत काय होतंय ते इंग्रजीत कसं सांगणार तो, पाच मिनिटं "आय ॲम फाईन, जस्ट टेन्शन" असं करून त्याने कॉल संपवला. त्यात दोन महिने गेले. ह्या दोन्हींची नावं मी लिहिणार नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये, पण एवढं सांगते, बोर्डावर समुपदेशक लिहिलंय म्हणजे शिक्षण झालेलंच असतं असं नाही, पैसे भरायच्या आधी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, असतील तर आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, बिनधास्त मागायचा. आणि सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहून देणार. हा फरक मला एम.कॉम. होऊन माहीत नव्हता.

तर त्या रात्री १४४१६ लावला. आधी भाषा निवडायची, मी मराठी निवडली, मग एक ताई बोलल्या. मी पहिलंच वाक्य म्हटलं की त्रास मला नाहीये, भावाला आहे, तो बोलायला तयार नाही, मग मी बोललं तर चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल की, घरचे लोक पण फोन करतात, तुम्ही सांगा. मला तिथेच रडू आलं. कारण तोपर्यंत जो तो मला म्हणत होता की त्याला स्वतःला वाटल्याशिवाय काही होत नाही, म्हणजे मी करायचं काय, नुसतं बघत बसायचं?

त्यांनी एकही उपदेश केला नाही. झोप कधीपासून गेली, जेवण किती, आंघोळ करतो का, आधी असं कधी झालं होतं का, दारू बिरू आहे का, आत्ता तो कुठे आहे, एकटा आहे का. आणि मग विचारलं, मरणाबद्दल कधी बोललाय का. मी म्हटलं नाही, आणि मी विचारलं पण नाही, उगाच डोक्यात यायचं. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट ज्याच्या मनात असेल त्याला बोलायला जागा मिळते, सरळ शब्दात विचारा, आडून नको, आणि तो जे सांगेल त्यावर लगेच ओरडू नका, रडू नका, ऐकून घ्या. एकटं ठेवू नका म्हणाल्या.

मी फोन ठेवून त्याच्या खोलीत गेले. जागाच होता. शेजारी बसले आणि विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का रे?" बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "रोज नाही ताई. पण वाटतं." इतके दिवस घरात जे होतं ते मला त्या एका वाक्यात कळलं. मी त्याचा हात धरून बसले, काही बोलले नाही, मला सुचलंच नाही. पहाटे कधीतरी त्याला झोप लागली, मी आणि ह्यांनी आळीपाळीने जागून काढली रात्र.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बोलायला तयार झाला, का ते मला नीट माहीत नाही, बहुतेक एकदा तोंडातून निघालं म्हणून. फोन घेऊन गच्चीवर गेला, चाळीस मिनिटं बोलला. खाली आल्यावर म्हणाला, मला त्यांनी कितवा अटेम्प्ट विचारलंच नाही.

त्यांनीच सांगितलं की फोनवर भागणार नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडी असते ते पण सांगितलं. आम्ही गेलो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी सगळं मोफत आहे हे पण आपल्याला माहीत नसतं. गर्दी असते, बसायची तयारी ठेवून जा, सोबत पाणी आणि डबा घ्या. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि बजावलं की फरक पडायला दोन ते चार आठवडे जातील, चार दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने पण सोडायच्या नाहीत. आमचे वडील, नाना, गावाहून आले होते, त्यांची एकच भीती, "गोळ्यांची सवय लागंल पोराला." डॉक्टरांनी नीट सांगितलं की ह्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, बंद करताना फक्त हळूहळू कमी करायच्या असतात. मग नानांनी हळूच विचारलं, "पोस्ट निघंल का त्याची?" डॉक्टर म्हणाले, "काका, आधी त्याला झोप लागू दे." नाना मान खाली घालून बसले. बाहेर आल्यावर त्यांनी त्याला उसाचा रस पाजला, दोघं काही बोलले नाहीत, पण शेजारी शेजारी उभं राहून पीत होते.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, १४४१६ ही हेल्पलाईन आहे, दर आठवड्याला भेटणारा ठरलेला थेरपिस्ट नाही. तिथून पुढची वाट कळते, पुढे चालत राहायला दुसरं काहीतरी लागतं. भावाने नंतर आयकॉल ही समुपदेशन सेवा वापरली, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आहे, ९१५२९८७८२१, सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, आणि त्यांना ईमेल पण करता येतो. ह्याला ईमेलच बरा वाटला. ठाण्याच्या बाजूला असाल तर डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासून काम करतेय, सगळं मराठीत. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, अठराच्या आतल्या मुलांसाठी चाइल्डलाईनचा १०९८ नंबर आहेच. आणि मेडिक्लेम असेल तर विचारून बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला पण द्यायचा.

माझी एकच मागणी आहे. पुण्यात पेठेत इतक्या अभ्यासिका आहेत, भिंतीवर कट-ऑफचे कागद, क्लासच्या जाहिराती, शिस्तीच्या सूचना, आणि हा पाच आकडी नंबर मला तरी कुठे दिसला नाही. मी स्वतः दहा प्रिंट काढून भावाच्या अभ्यासिकेच्या मालकांकडे गेले, त्यांनी लगेच हो म्हटलं, पाण्याच्या फिल्टरपाशी लावलाय कारण तिथे प्रत्येकजण एकटा उभा असतो. तुमच्या ओळखीत कुणी अभ्यासिका, मेस, हॉस्टेल चालवत असेल तर तुम्ही पण सांगा ना.

भाऊ आता आमच्याकडेच असतो, गोळ्या चालू आहेत, सकाळी माझ्या पोराला शाळेत सोडतो. परीक्षेचं त्याने अजून ठरवलं नाहीये आणि आम्ही विचारत नाही. परवा आईचा गावाहून फोन आला, शेजारच्या बारावीतल्या पोरीसाठी नंबर पाहिजे म्हणाली, पोरगी जेवत नाही म्हणे. मी एकेक आकडा सांगितला, आईने भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला, एक, चार, चार, एक, सहा.