बँकॉक की सिंगापूर? चौघांचा रोजचा खर्च मांडून बघू

पहिल्या परदेशवारीला बँकॉक की सिंगापूर, हे बहुतेक घरांत विमानाच्या तिकिटावरून ठरतं. मला ते पटत नाही. तिकीट एकदाच काढायचं असतं, पैसा जातो तो तिथे रोज. आईबाबांना घेऊन आम्ही चौघं दोन्हीकडे जाऊन आलो, तेव्हा वहीत खर्च लिहीत होतो. खाली बाट पावणेतीन रुपये आणि सिंगापूर डॉलर सत्तर रुपये धरला आहे. निघण्याआधी ताजा दर लावून घ्या.

मुक्कामाला बँकॉक फारच स्वस्त. साधी, स्वच्छ खोली १,५०० बाटच्या आसपास, तशीच सिंगापूरला १५० डॉलरच्या आसपास. दोन खोल्या धरल्या तर रोजचा फरक जवळपास १३ हजार रुपये. इथेच बरेच जण सिंगापूरवर काट मारतात.

पण बघण्याचा खर्चही धरा. बँकॉकला ग्रँड पॅलेस हा राजवाडा ५०० बाट, वाट फो आणि वाट अरुण ही मंदिरं ३०० आणि २००. माणशी १,००० बाट, म्हणजे चौघांचे एका दिवसात अकरा हजार रुपये. सिंगापूरला बोटॅनिक गार्डन्स फुकट, गार्डन्स बाय द बेचा उघडा भाग आणि संध्याकाळचा दिव्यांचा खेळही फुकट. युनिव्हर्सल स्टुडिओज मात्र माणशी ८० डॉलरच्या वर. तो खर्च रोजच्या सरासरीत मिसळू नका, वेगळा लिहा.

फिरण्याचं गणित दोन्हीकडे उलटं आहे. सिंगापूरला मेट्रो-बसचा एक प्रवास साधारण अडीच डॉलरच्या आत, चांगी विमानतळावरून शहरात यायलाही तेवढंच. आपलं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं आणि परदेशी कार्डावर वापराच्या दिवशी ६० सेंट जादा लागतात. बँकॉकला बीटीएस आणि एमआरटी या दोन शहरी रेल्वेंची भाडी वेगवेगळी, एकीतून दुसरीत गेलं की पुन्हा भाडं. चौघं असाल तर मीटरची टॅक्सी ३५ बाटपासून सुरू होते आणि जवळच्या अंतराला ट्रेनपेक्षा स्वस्त पडते. चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट तर १६ बाटमध्ये नेते.

शाकाहारी लोकांनी जेवणाचे पैसे बँकॉकला सढळ धरावेत. रस्त्यावरच्या नूडल्स ६० बाटला मिळतात खऱ्या, पण त्यात माशाचा सॉस असतो. आईला तो वासही सोसेना, मग रोज पाहुरात या भारतीय वस्तीतल्या हॉटेलांत जेवलो आणि माणशी अडीचशे बाट सहज गेले. सिंगापूरला टेक्का सेंटर या खाऊच्या बाजारात डोसा-इडलीवर पाच-सहा डॉलरांत पोट भरतं, आणि नळाचं पाणी पिता येतं. बाटल्यांचा खर्च वाचतो.

रोखीचाही विचार करा. थायलंडच्या एटीएममध्ये दर वेळी २२० बाटच्या आसपास कापले जातात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. दुकानदाराने कार्डाच्या यंत्रावर रुपयांत रक्कम दाखवली तर स्थानिक चलनच निवडा.

शाकाहारी आईबाबा सोबत असतील आणि चारच दिवस असतील, तर खर्च जास्त झाला तरी मी सिंगापूर निवडेन. आठवडाभर राहायचं असेल, तर बँकॉक. तिथे ग्रँड पॅलेसचा दिवस एकदाच येतो, खोलीचं भाडं मात्र रोज वाचतं.