बेस्टची नवी लो-फ्लोअर एसी बस: भाडेवाढीनंतर काही महिने वापरून (आणि पायरीचं पुराण)

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. गाडीला पाचपैकी साडेचार. गाडी जिथे थांबते त्या जागेला दीड. याची सरासरी कशी काढायची ते तुमचं तुम्ही बघा, आमच्या घरात त्यावरून अजून एकमत नाही.

९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या गाडीला ५ चे १० आणि एसीला ६ चे १२ झालं हे सगळ्यांना माहीतच आहे. जुलै २०१९ मध्ये ८ चे ५ केले होते, तेव्हाच मी म्हटलं होतं की ही चैन फार दिवस चालायची नाही. असो. आमचा हिशेब असा. चेंबूरला आमच्या घरापासून स्टेशन रिक्षाच्या पहिल्या टप्प्यातच येतं, म्हणजे २६ रुपये. आई आणि मी, दोघी एसी बसने गेलो तर २४. पूर्वी बसला दोघींचे मिळून १२ आणि रिक्षाला २३ लागायचे, तेव्हा विचार करायचं कारणच नव्हतं. आता फरक उरला दोन रुपयांचा. तेवढ्यासाठी थांब्यावर उन्हात उभं राहायचं तर गाडीने तसं काही देऊन दाखवायला हवं. म्हणून इतके महिने मी या गाड्यांकडे जरा खवचट नजरेनेच बघतेय.

बॅटरी किती चालते, एसी किती गार, मोबाइल चार्जिंगचं पॉइंट कुठे, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पायरीवर लिहिणार आहे. हसायचं तर हसून घ्या. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, आणि बसमध्ये एसी आहे की नाही हा प्रश्न बसमध्ये चढल्यानंतरचा असतो.

मुंबईत पहिली मोटरबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, १९३७ ला डबल डेकर आली, १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची ट्राम गेली. ही सनावळी कुठेही मिळते. पायरीच्या बाजूने मात्र हा इतिहास कुणी बघत नाही. आपल्या नेहमीच्या लाल सिंगल डेकरचा सांगाडा मुळात ट्रकचा. पुढे इंजिन, खाली जाडजूड चेसिस, त्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि वर बसची बॉडी बांधलेली. त्यामुळे आतली जमीन रस्त्यापासून ९०० मिलिमीटर किंवा त्याहूनही वर. दोन-तीन उभ्या पायऱ्या चढायच्या, त्याही मागच्या दाराने, कंडक्टरने घंटी मारायच्या आत. डबल डेकरची चेसिस मात्र वरच्या मजल्यामुळे मुद्दाम खाली घेतलेली असायची. मागचा उघडा प्लॅटफॉर्म बुटका, मध्ये धरायला दांडा. माझी आजी लालबागला असताना दोन सिंगल सोडून डबल डेकरसाठी थांबायची. आम्हा पोरांना वाटायचं तिला वरच्या मजल्याची हौस आहे. ती एकदाही वर गेली नाही! खालीच दाराजवळच्या बाकावर बसायची. तिला ती बुटकी पायरी हवी असायची.

१९९० च्या सुमारास शहरात अशा नऊशेच्या आसपास डबल डेकर होत्या. १५ सप्टेंबर २०२३ ला अंधेरीत ४१५ नंबरच्या मार्गावर जुनीतली शेवटची धावली, हारतुरे झाले, लोकांनी व्हिडिओ काढले. वरच्या पुढच्या खिडकीतल्या वाऱ्यावर सगळे हळवे झाले. पायरीबद्दल एक अक्षर नाही.

मधल्या काळातलं थोडक्यात. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशातून शहरोशहरी नव्या गाड्या आल्या त्या वेळी ‘सेमी लो-फ्लोअर’ हा प्रकार रुळला, म्हणजे जमीन ६५० मिलिमीटरवर. त्याच काळात त्या जांभळ्या एसी गाड्याही आल्या, महाग तिकिटाच्या आणि निम्म्या रिकाम्या. एप्रिल २०१७ मध्ये तोट्यापायी त्या बंदच करून टाकल्या. मग भाडेतत्त्वाचं युग आलं. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, मार्ग आणि तिकीट बेस्टचं, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे. त्यातून आल्या मिनी एसी बस.

मिनीबद्दल मला चांगलं काहीच बोलायचं नाही. आमच्या मार्गावर बरेच दिवस एका कंत्राटदाराच्या मिनी होत्या, नाव घेत नाही. दार अरुंद, पायऱ्या शिडीसारख्या, आणि चढता चढता डोकं वरच्या पत्र्याला लागायचं. एकदा आई पहिल्या पायरीवर असताना दाराची झडप अर्धवट मिटली आणि तिची पिशवी बाहेर, ती आत. चालक बिचारा घाबरला, उतरून आला. मी कंत्राटदाराच्या नंबरावर तक्रार केली. चार दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया सेवेला गुण द्या. दार तसंच होतं. दुसऱ्यांदा केली, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, गाडीचा नंबर लिहून घेतला नसेल तर आम्ही तरी काय करणार?” म्हटलं, पिशवी सोडवत होते हो, नंबर कुठे लिहू.

म्हणून मोठ्या बारा मीटरच्या इलेक्ट्रिक लो-फ्लोअर गाड्या आमच्याकडे यायला लागल्या तेव्हा मी खूश होते. या गाडीची जमीन ४०० मिलिमीटरवर. आत पायरीच नाही, दारातून पाऊल टाकलं की गाडीत. आवाज नाही, धूर नाही, गिअर बदलतानाचा तो हिसका नाही. पहिल्या दिवशी आई सीटवर बसून म्हणाली, “सुरू झाली का?” गाडी तोवर सिग्नल ओलांडून गेली होती.

पण आठवड्याभरात लक्षात आलं की आई चढताना तितकीच कण्हतेय. हे कसं? शेवटच्या थांब्यावर चालक चहाला उतरले होते, तेव्हा मी पर्समधली शिवणकामाची टेप काढली. (हो, असते माझ्या पर्समध्ये.) रस्त्यापासून दाराच्या कडेपर्यंत ४० सेंटीमीटर, वर अगदी किंचित. घरातल्या जिन्याची पायरी १७-१८ ची असते. म्हणजे आईला एका दमात दोन पायऱ्यांहून जास्त उचलायचं होतं. बाजूलाच एक जुनी मिनी उभी होती. तिची पहिली पायरी मोजली, तीही साधारण तेवढीच भरली. फरक इतकाच की मिनीत पुढे आणखी पायऱ्या आहेत, आणि इथे एकच.

खरी गोम अशी की लो-फ्लोअर गाडी रस्त्यावरून चढण्यासाठी बनवलेलीच नाही. ती फुटपाथवरून चढायची गाडी आहे. फुटपाथची कड पंधरा सेंटीमीटर धरली तर उरतात पंचवीस, आणि पंचवीस आईला जमतात. काही गाड्यांत तर थांब्यावर हवा सोडून एक बाजू आणखी खाली झुकवायची सोय असते. एका चालकाला विचारलं, तर म्हणाले, “बटन आहे ताई, पण मागचे हॉर्न मारतात.” सगळं गणित गाडी फुटपाथला चिकटून उभी राहते या एका गोष्टीवर बसवलेलं आहे. आणि आमच्या थांब्यासमोर सकाळी सहा रिक्षा, दोन दुचाक्या आणि शहाळ्यांची एक हातगाडी. बस उभी राहते दुसऱ्या लेनमध्ये. आपण फुटपाथवरून खाली उतरायचं, रिक्षांमधून वाट काढायची, आणि मग रस्त्यावरून चाळीस सेंटीमीटर चढायचं. इतका खर्च करून खाली आणलेली जमीन आम्हाला शून्य रुपयाच्या फायद्याची.

चालकांनाही सरसकट दोष देता येत नाही. बारा मीटरचं धूड फुटपाथला लावायचं म्हणजे पुढचा आरसा खांबाला घासायची भीती. एकाने मला स्पष्ट सांगितलं की आरसा फुटला तर कंत्राटदार पगारातून कापतो, मग कशाला जवळ घेऊ? त्यात क्लच नाही, गिअर नाही, नुसता पाय ठेवला की गाडी पळते. वर्षानुवर्षं डिझेल गाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळंच जनावर. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ नंबरच्या बसला झालेल्या अपघातानंतर चालकांच्या प्रशिक्षणाची किती चर्चा झाली ते आठवत असेल. त्या दिवसापासून मी पुढच्या दाराने चढताना चालकाच्या चेहऱ्याकडे एकदा बघतेच.

आतल्या मांडणीवरही एक तक्रार. जमीन सपाट, पण चाकं कुठेतरी बसवायला हवीतच, बॅटऱ्याही. त्यामुळे बऱ्याच सीट चौथऱ्यावर. विनापायरी गाठता येतील अशा जागा दाराजवळ मोजक्याच, आणि तिथे कानात इअरफोन घातलेले तरुण डोळे मिटून बसलेले. उठा म्हटलं की उठतात, पण म्हणावं लागतं.

इथवरचं लिहून ठेवलं होतं आणि तीन तारे द्यायचे पक्के केले होते. त्यानंतर रस्त्याच्या काँक्रिटीकरणात आमचा थांबा हलला. तात्पुरता म्हणून साठ-सत्तर पावलं पुढे नेला, शाळेच्या भिंतीपाशी. तिथे रिक्षा उभ्या राहत नाहीत, कारण शाळेचा वॉचमन राहू देत नाही. पहिल्याच दिवशी गाडी सरळ येऊन फुटपाथला लागली. दार उघडलं आणि फुटपाथ व गाडी यांत जेमतेम वीतभर अंतर, थोडी उंची. आईने माझा हातसुद्धा धरला नाही. काठी आत टेकली आणि गेली. मी मागेच राहिले होते, चालक म्हणाले, “चला ताई!”

त्या एका थांब्याने माझं मत पार फिरवलं. गाडी उत्तम आहे. खरंच उत्तम आहे. मधल्या दाराशी व्हीलचेअरसाठी उलगडणारी फळी असते, ती मी तोवर शोभेची समजत होते. पण कड जवळ असेल तर तीही कामाची आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं. तेव्हा साडेचार हे गुण या थांब्यावरचे आहेत. उतरताना स्टेशनजवळ अजून तोच गोंधळ, तिथे दीड.

मध्येच एका रविवारी हौस म्हणून सीएसएमटीला जाऊन नवी एसी डबल डेकर पण केली, ए-११५. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा याच मार्गावर सुरू झालेली. दोन दारं, दोन जिने, काचा बंद. वर कोंदटलेलं वाटेल अशी भीती होती, तसं नाही. आई अर्थातच खाली बसली. आजीचंच वळण.

आता राहिली वाट बघण्याची गोष्ट, आणि इथे माझा संयम संपतो. बेस्ट आणि कामगार संघटनेच्या २०१९ च्या करारात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायचं ठरलं होतं. आज स्वतःच्या आणि भाड्याच्या धरूनही ताफा तीन हजारांच्या खाली आहे, एके काळी चार हजारांवर होता. स्वतःच्या गाड्या आयुष्य संपून भंगारात जातात, नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचे करार मोठमोठे होतात (एकट्या २०२२ मध्ये २,१०० गाड्यांचा) आणि गाड्या येतात चिमटीचिमटीने. मध्येच एखादा कंत्राटदार परवडत नाही म्हणून गाशा गुंडाळतो की त्याच्या गाड्या एका रात्रीत गायब. ऑगस्ट २०२३ चा कंत्राटी चालकांचा संप आठवा. ॲपवर गाडी ‘४ मिनिटं’ दाखवते, चहा पिऊन यावं तरी चारच. भाडं दुप्पट केलंत, ठीक आहे, वीज-डिझेल-पगार सगळंच वाढलं. पण दुप्पट पैशांत निम्मी वाट तरी बघायला लावा. उलटंच झालंय.

घ्यावी का, म्हणजे बसची सवय पुन्हा लावून घ्यावी का, असं विचाराल तर: एकटे असाल तर डोळे मिटून बस. १२ विरुद्ध २६, विषय संपला. दोघं असाल आणि गुडघे धड असतील तरी बस. सोबत म्हातारं माणूस असेल तर आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन तुमच्या थांब्यावर गाडी कुठे उभी राहते ते बघून या, फुटपाथला की रिक्षांच्या पलीकडे. पलीकडे राहत असेल तर मागच्यापुढच्या थांब्यापर्यंत चालून बघा. पुढच्या दाराने चढा, पास किंवा कार्ड हातात तयार ठेवा, आणि चालकाला आधी हात दाखवून “जवळ घ्या” म्हणा. म्हटल्यावर बहुतेक जण घेतात.

काँक्रिटचं काम संपत आलंय. थांबा परत जुन्या जागी नेणार असं ऐकते. सोसायटीतल्या सतरा जणांच्या सह्या घेऊन मी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय की तो शाळेपाशीच राहू द्या. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. परत हलवलात तर मी दोन रुपये जास्त देऊन रिक्षा करणार.