रंगकामाच्या ठेक्यात पैसे कुठे मुरतात

पुण्यातल्या एका दोन बीएचके घराचं दिवाळीआधीचं रंगकाम. अंदाजपत्रक एका ओळीचं: २,९७५ चौरस फूट, साहित्यासह दर ३० रुपये, एकूण ८९,२५० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. साठ टक्के रक्कम आगाऊ दिली गेली. पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीचे पोपडे निघाले, हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकली की शर्टाला पांढरी भुकटी लागू लागली आणि ठेकेदार फोन उचलेनासा झाला. नावं देत नाही, पण हिशेब पूर्ण मांडतो. बहुतेक घरांत हेच होतं, फक्त आकडे बदलतात.

पहिली चलाखी मापात. कार्पेट एरियाला साडेतीनने गुणलं की रंगवायचं क्षेत्रफळ अंदाजे मिळतं, हा धंद्यातला जुना ठोकताळा आहे आणि तो फारसा चुकत नाही. या घराचा कार्पेट ६१० चौरस फूट. म्हणजे साधारण २,१३५. ठेकेदाराने मात्र विक्रीच्या कागदावरचा ८५० चा आकडा घेतला, ज्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं येतं, आणि त्याला साडेतीनने गुणलं. नंतर टेप लावून मोजलं तेव्हा दारं, खिडक्या, किचनच्या टाइल्स आणि भिंतीत बसवलेली कपाटं वजा जाऊन छतासह १,८८० भरलं. फरक १,०९५ चौरस फुटांचा, म्हणजे ३२,८५० रुपये. ब्रशला रंग लागण्याआधीच.

मोजणं अवघड नाही. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८, छताचे १२०, एकूण ५३८. त्यातून ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ५ ची खिडकी काढली की ४९७. दारं-खिडक्या पूर्ण वजा करायच्या की अर्ध्या, यावर दोन पद्धती चालतात. कोणतीही चालेल, पण दर ठरवतानाच ती कागदावर आली पाहिजे.

जीएसटीचं तर उघड होतं. बिलावर क्रमांकच नव्हता. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी वसूल करता येत नाही. क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव मिनिटात दिसतं.

आता साहित्य. जुना रंग खरवडून पुट्टीचे दोन हात द्यायचे ठरले होते. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हातांना किलोमागे प्रत्यक्षात १० ते १५ चौरस फूट जाते. १,८८० साठी १५५ किलोच्या आसपास, म्हणजे ४० किलोच्या चार गोण्या. घरात दोनच आल्या. दुसरा हात दिलाच नव्हता, जिथे खड्डे दिसले तिथे फक्त लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरून पॉलिश पेपर मारला होता. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली की पुट्टी ओढायच्या पत्र्याचे वळ आणि खळगे लगेच दिसतात. ही तपासणी प्रायमरच्या आधी करायची, नंतर कुरकुर करून उपयोग नाही.

प्रायमर, म्हणजे पुट्टी आणि रंगामधला थर, सगळ्यात सहज गाळला जातो, कारण पुट्टीही पांढरी आणि प्रायमरही पांढरा. ओळखायचं कसं? भिंतीवर पाण्याचा थेंब सोडा. उघडी पुट्टी तो लगेच पिऊन टाकते आणि तिथे गडद डाग उमटतो. प्रायमर असेल तर थेंब काही वेळ टिकतो किंवा ओघळतो. प्रायमर नसेल तर पुट्टी रंगातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट घटक, शोषून घेते, रंग ढगाळ दिसतो आणि भुकटी सुटते.

भुकटीचं दुसरं कारण बादलीत होतं. दर प्रीमियम इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या महागड्या रंगाचा, लावला होता. असं इमल्शन दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट धरलं तर सुमारे १६ लिटर लागतं. प्रत्यक्षात सीलबंद आली ती १० लिटरची एक बादली. सोबत २० लिटरची दुसरी, झाकण आधीच उघडलेलं, वर शेडचा स्टिकर नाही. टिंटिंग मशीनवर रंग बनवला की दुकानदार शेड कोड, बेस, लिटर आणि तारीख छापलेला स्टिकर लावतो. तो नसलेली बादली घरात घ्यायचीच नाही. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बादलीत स्वस्त इमल्शन ओतणं हा जुनाच प्रकार आहे. स्वस्त मालात खडूसारखी भर जास्त आणि बाइंडर कमी. शिवाय पाणी. किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, बऱ्याच इमल्शनना लिटरमागे ४०० ते ५०० मिली. मापाचा मग न वापरता नळाखाली धरलेली बादली दिसली की काम तिथेच थांबवा.

(झाकणातलं टोकन किंवा क्यूआर कोड रंगारी काढून घेतो, त्यात गैर काही नाही, ती रंगाऱ्यांना बक्षीस देण्याची कंपनीचीच योजना आहे. पण एखाद्या मालाचा आग्रह का धरला जातो, हे त्यातून कळतं.)

राहिली ओल. बेडरूमच्या भिंतीला ‘डॅम्पप्रूफ कोट’ म्हणून चौरस फुटाला ४५ रुपये वेगळे घेतले होते. पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेतून येत होतं. आतून कितीही थर द्या, मागून येणारं पाणी क्षारांसकट थर ढकलून देतं. आधी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीवर चिकटवून २४ तास ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव साचलं तर पाणी भिंतीतून येतंय; मग भेग, खिडकीचा कठडा किंवा शेजारच्या बाथरूमचे सांधे आधी दुरुस्त करायचे आणि भिंत पूर्ण वाळू द्यायची. खोलीकडच्या बाजूला साचलं तर हवेतला दमटपणा, त्याला खिडकी उघडणं पुरे.

ठेका लिहिताना खोलीवार मापं, मालाचं पूर्ण नाव, शेड कोड, पुट्टी-प्रायमर-रंगाचे किती हात आणि छताला वेगळा स्वस्त रंग असेल तर त्याचा वेगळा दर लिहून घ्या. साहित्य दारात आल्यावर २० टक्के, पुट्टी घासून झाल्यावर ३०, प्रायमर आणि पहिल्या हातानंतर ३०, उरलेले २०, काम संपून ते दिवसाच्या उजेडात पाहिल्यावर. दिवाळीच्या घाईत ठेकेदार यापेक्षा जास्त मागतात. शक्य असेल तर काम डिसेंबरात काढा, दरही उतरलेले असतात.

फसवणूक झालीच असेल तर बिल, यूपीआयच्या नोंदी, बादल्यांचे आणि पोपड्यांचे फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.