कानाचा नवा दाखला की पलटणीतला जुना कागद?

डिस्चार्जच्या वेळी वैद्यकीय बोर्डाने अपंगत्व मान्य केलं, पण त्यापुढे ‘सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही’ असा शेरा मारला, अशा माजी सैनिकांसाठी हे लिहितोय. अपंगत्व पेन्शनचा क्लेम फेटाळल्याचं पत्र हातात असतं, पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत धावत असते आणि घरात चर्चा एकाच गोष्टीची चालते. चांगल्या दवाखान्यात पुन्हा तपासण्या करून तज्ज्ञ डॉक्टरचा नवा दाखला जोडावा, की नोकरीतले जुने वैद्यकीय कागद मिळवावेत? मी दोन्ही केलं. आधी दाखले घेतले, मग कागद मागवले. क्रम उलटा असता तर माझी दोन वर्षं वाचली असती असं मला वाटतं.

माझं प्रकरण थोडक्यात सांगतो. १९९३ ची भरती, २०१७ ला हवालदार म्हणून घरी आलो. मधली बरीच वर्षं ८१ मिलिमीटर मॉर्टरवर काढली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि रात्री घर शांत झालं की कानात रातकिड्यांसारखा आवाज सुरू होतो. बोर्डाने २० टक्के लिहिले, म्हणजे पात्रतेला लागतात तेवढे, पण शेरा वर सांगितला तोच, ज्याला थोडक्यात एनएएनए म्हणतात. कारण काय, तर मोठ्या आवाजाने कानाला इजा झाल्याची नोंद नाही.

नव्या दाखल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. तो लवकर मिळतो. सकाळी गेलात तर संध्याकाळी ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा, छापील आलेख आणि डॉक्टरची सही-शिक्का हातात असतो. अक्षर वाचता येतं. डॉक्टर नीट ऐकून घेतो, समजावून सांगतो, आणि आपल्या त्रासाला कुणीतरी नाव दिलं याचं समाधान मिळतं. पलटणीत कानाची तक्रार सांगायला लाजणाऱ्या माणसाला या समाधानाची किंमत कळते. मी तीन ठिकाणी गेलो, साडेनऊ हजार रुपये गेले, आणि तिन्ही डॉक्टर मनापासून वागले हे नमूद करतो.

पण तिन्ही दाखल्यांत एक ओळ सारखी होती: ‘पेशंटच्या सांगण्यानुसार, सैन्यात असताना मोठ्या आवाजाशी संबंध.’ पहिल्या वेळी मला तिचं काही वाटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मी डॉक्टरसाहेबांना विनंती केली, ‘सांगण्यानुसार’ एवढं काढता का? ते म्हणाले, ‘मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय. तेव्हा काय झालं ते मी कसं लिहू?’ त्यांचं बरोबर होतं. मी बाहेर बाकावर बसून तो कागद पुन्हा वाचला, आणि तिथेच मला कळलं की मी पैसे देऊन माझंच बोलणं दुसऱ्याच्या लेटरहेडवर लिहून घेतोय. बोर्डासमोर मी जे तोंडी बोललो होतो, तेच फिरून माझ्याकडे आलं होतं. या एका ओळीने माझा निर्णय झाला, तरी उशिरा, कारण तिसरा दवाखाना मी त्यानंतर केला.

दुसरी अडचण तारखेची. डिस्चार्जनंतर मी दोन वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला होतो. दाखले त्यानंतरचे. मग वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येणारच की कान मॉर्टरने गेला की कारखान्याने? शिवाय आवाजाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. वय वाढलं की वरच्या फ्रिक्वेन्सींचं ऐकणं तसंही उतरत जातं आणि तो खड्डा त्या उतारात मिसळू लागतो. माझ्या नव्या आलेखात उतार होता, खड्डा ओळखू येत नव्हता. म्हणजे यंत्र नवं आणि चांगलं असूनही मला हवी होती ती गोष्ट त्यात नव्हती.

ते तिन्ही दाखले जोडलेलं पहिलं अपील फेटाळलं गेलं. पत्रात दाखल्यांचा उल्लेखही नव्हता.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका वयस्क क्लार्कने मला बसवून विचारलं, ‘तुमच्याकडे एएफएमएसएफ-१६ ची पूर्ण प्रत आहे का?’ हा डिस्चार्जच्या वेळच्या, म्हणजे रिलीज बोर्डाचा फॉर्म. माझ्याकडे त्याचं शेवटचं पान होतं. त्यांच्या सांगण्यावरून रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज केला, सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. मागितलं ते असं: रिलीज बोर्डाची सगळी पानं, नोकरीत वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या आधीच्या कॅटेगरी बोर्डांचे फॉर्म (एएफएमएसएफ-१५), हॉस्पिटलचे डिस्चार्ज स्लिप, भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, शीट रोल (सेवेच्या नोंदींचा कागद) आणि हॉस्पिटलमधल्या अॅडमिशनची अधिकृत नोंद असलेल्या पार्ट टू ऑर्डर. मुदत तीस दिवसांची असते. मला थोडे जास्त लागले.

पाकीट आलं तेव्हा त्यात सगळं नव्हतं. पण भरतीच्या फॉर्मवर दोन्ही कान ठीक असल्याची नोंद होती. २००९ च्या बोर्डात मला एच-२ केलं होतं, म्हणजे ऐकण्याची श्रेणी खाली आणली होती, आणि त्याला जोडलेल्या आलेखात तो ४००० हर्ट्झचा खड्डा शाळेच्या पोराला दाखवता येईल इतका स्पष्ट. आणि एक एमआय रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची चिठ्ठी, २००६ ची. आरएमओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांच्या, घाईच्या अक्षरात दीड ओळ: फायरिंगनंतर तीन दिवस दोन्ही कानांत आवाज. ती लिहिताना साहेबांच्या डोक्यात माझं पेन्शन नव्हतं, माझ्याही नव्हतं. तिचं वजन तिथेच आहे.

कायद्याच्या बाजूनेही मला जुना कागद जड वाटतो. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत झाला असं गृहीत धरावं आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाने नुसता शेरा न मारता कारणं द्यावीत. म्हणजे पहिला पुरावा भरतीचा स्वच्छ फॉर्म, आणि तो कोणताही खासगी दवाखाना देऊ शकत नाही. दुसरं टक्केवारीचं. नवा दाखला घेणाऱ्यांचा बहुतेक जोर ‘वीसचे तीस कसे होतील’ यावर असतो. पण राउंडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेताना, ५० च्या खालचं ५० धरलं जातं, आणि मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते मिळावं हे राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये ठरलं. मग वीस की तीस या भांडणाला फारसा अर्थ उरत नाही. अडतं ते सेवेशी असलेल्या नात्यावर. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत. त्यांनी माझा हिशेब स्वतःला जसाच्या तसा लावू नये.

जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही लोक विचारतात. ते जरूर काढा, त्याचे वेगळे उपयोग आहेत. पण त्यावरचा ४० टक्क्यांचा आकडा लष्करी अपंगत्व पेन्शनच्या अपिलात सेवेशी नातं दाखवत नाही.

जुन्या कागदाचे धोके लपवत नाही. हॉस्पिटलचे केस पेपर ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे उशीर करणाऱ्याच्या हाती काही लागेल याची खात्री नाही. आणि कागद उलटूही शकतो. आमच्या तालुक्यातल्या एका नाईकाच्या जुन्या नोंदीत ‘लहानपणी कान वाहत असे’ असं लिहिलेलं निघालं. ते कधीतरी त्यानेच सहज सांगितलं असणार. म्हणून आलेलं पाकीट आधी स्वतः नीट वाचा, न समजलेला शब्द कुणाला तरी विचारा, मगच जोडा.

नवा दाखला कुठे उपयोगी पडेल तेही सांगतो. सेवेशी नातं आधीच मान्य आहे आणि त्रास वाढलाय, तर पुनर्तपासणीचा बोर्ड मागायला आजची स्थितीच दाखवावी लागते. आजार घरी आल्यावर उघड झाला असेल, तर जुना कागद असणारच नाही. अशा वेळी मी खासगी दवाखान्याऐवजी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन लष्करी रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे जाईन. तो सेवेच्या भाषेत लिहितो, आणि त्याचं लिहिलेलं बोर्डाला परकं वाटत नाही. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं मीही दोन जोडली होती. त्यांनी किती काम केलं ते सांगता येत नाही.

माझं दुसरं अपील मान्य झालं. एका प्रकरणावरून सगळ्यांचा नियम काढणं बरोबर नाही, आणि दुसरंही फेटाळलं गेलं असतं तर मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा, म्हणजे ट्रिब्युनलचा, दरवाजा होताच. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात तिकडेच येतात. पण तिथे जातानाही मी हेच पाकीट नेलं असतं, दाखल्यांची फाइल नाही.

तेव्हा पत्र आलं त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कागद येईपर्यंत मुदत संपत आली, तर अपील वेळेत दाखल करा आणि कागद मागवले आहेत असं त्यात लिहा. पैसे उरले, तर नंतर ऑडिओमेट्री. आणि एमआय रूमची चिठ्ठी मिळालीच, तर नुसती झेरॉक्स जोडू नका. माझ्या चिठ्ठीची शाई इतकी उडाली होती की पहिल्या प्रतीत फक्त तारीख दिसत होती. मुलीने ती मोबाइलवर उजळ करून मोठी छापली, खाली तीच दीड ओळ टाइप केली, आणि आरएमओ साहेबांचा शिक्का जिथे होता तिथे पेन्सिलने गोल केला.